बेकनला पडलेल्या टाळ्या

ओरेस्ट मलानिकला गिटारवर सोलो वाजवायचा होता, आणि तो काही संगीताच्या प्रेमापोटी नव्हे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपण कशाला लपवायचं? बायकोनं आपल्याकडे एकदा तरी तसं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तसं म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. त्याची बायको हेल्मी ही टपाल खात्यात तीस वर्षं पत्रं निवडून निवृत्त झालेली, बारीक चणीची, कमी बोलणारी फिनिश बाई. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी ती कॅनडातल्या थंडर बे गावच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये गेली. तिथे दर शनिवारी दुपारी जॅम असतो. ज्याला जे वाजवता-गाता येतं त्यानं यादीत नाव लिहावं आणि मंचावर चढावं. हेल्मीनं नाव लिहिलं आणि स्वतः रचलेलं एक संथ ब्लूज, म्हणजे मनातलं दुखणं सांगणारं गाणं, गाऊन ती खाली उतरली. तेव्हापासून दर शनिवारी तिला तेच गाणं म्हणायला लावतात. ती एक ओळ म्हणून थांबते, आणि मधल्या मोकळ्या जागेत रेमी नावाचा प्लंबर गिटारवर दोन-चार सूर वाजवून तिला उत्तर देतो. त्या वेळी हेल्मी रेमीकडे बघते. डोळे चमकतात, ओठाचा एक कोपरा वर जातो, जणू बऱ्याच दिवसांनी कुणी तिच्या बोलण्याला हुंकार दिलाय. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ओरेस्ट चार वर्षं हे पाहत होता आणि मनातल्या मनात जळत होता.

हा ओरेस्ट सव्वीस वर्षं शाळेत उपमुख्याध्यापक होता. रोज सकाळी पावणेनऊला ध्वनिक्षेपकाचं बटण दाबायचं आणि अकराशे पोरांना सूचना द्यायच्या, हे त्याचं मुख्य काम. त्या यंत्राचा मोठा गुण असा की त्यातून उलट उत्तर येत नाही. सव्वीस वर्षांत माणसाला त्याची इतकी सवय लागते की घरी आल्यावरही बटण दाबलेलंच राहतं. हेल्मी काही बोलली की तो "बरं" म्हणायचा. फार सोयीचा शब्द आहे हा. तो म्हणण्यासाठी समोरच्याचं ऐकावं लागत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं गिटार घेतली. एक घेतली असं घरात सांगितलं, प्रत्यक्षात चार आल्या. त्यातली सगळ्यात महाग होती ती कारखान्यातच घासून, खरवडून जुनी केलेली. रंग उडालेला, कोपरा झिजलेला, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. हेल्मीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीचे ओरखडे विकत आणलेस," ती म्हणाली.

"बरं," ओरेस्ट म्हणाला, आणि गिटारचा आवाज बदलणारी, पायाखाली दाबायची सात पेडलं खोक्यांतून बाहेर काढू लागला.

गुरू त्याला इंटरनेटवर मिळाला. छातीपर्यंत दाढी असलेला हा इसम एकवीस दिवसांत तुमचा पहिला सोलो बसवून देतो असं छातीठोकपणे सांगायचा. त्याची पहिली शिकवण अशी की गिटारच्या पाचव्या पट्टीपासून पाच सुरांची एक चौकट सुरू होते, आणि त्या चौकटीत बोट कुठेही ठेवलं तरी चुकत नाही. जिथे चूक होऊच शकत नाही अशी जागा उपमुख्याध्यापकाला लगेच आवडली. तो त्या चौकटीत राहायलाच गेला.

दाढीवाल्याची दुसरी शिकवण: डोळे मिटा, आतून येऊ द्या. ओरेस्टनं आरशासमोर बसून डोळे मिटायचा सराव सुरू केला. पण डोळे मिटल्यावर आपण कसे दिसतो हे आरशात कळेना, म्हणून तो फोनवर स्वतःला टिपून घेऊ लागला. भुवया आवळल्या की बरं दिसतं, जीभ बाहेर आली की दिसत नाही, असा दोन आठवड्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. साथीला कॉम्प्युटरवरचा बँड असायचा. तो बँड मोठा गुणी. दमत नाही, थांबत नाही, आणि वाजवणाऱ्याकडे कधी डोळे वटारून बघत नाही.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला.

"ओरेस्ट, नळ गळतोय."

"बरं."

"गेल्या आठवड्यातही सांगितलं होतं मी."

"बरं."

"रेमीला बोलावू का? दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला."

रेमीचं नाव मात्र कानात बरोबर शिरलं. "रेमी कशाला? मी काय मेलोय? मी बघतो!"

तो उठला आणि बघायला म्हणजे बघायलाच गेला. नळासमोर उभा राहिला. टप. टप. टप. त्याच्या लक्षात आलं की हा नळ सेकंदाला एक थेंब टाकतो, अगदी घड्याळासारखा. दाढीवाला रोज सांगायचा की तालाचं यंत्र लावून सराव करा. आता यंत्राची काय गरज? ओरेस्टनं नळाखाली स्टीलचं पातेलं ठेवलं, आवाज खणखणीत यावा म्हणून, आणि खुर्ची ओढून तिथेच बसला. तेव्हापासून त्याचा सगळा रियाज स्वयंपाकघरात होऊ लागला. हेल्मी त्याच्या पायांना वळसा घालून बटाटे उकडायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. ओरेस्ट सोलोच्या तिसऱ्या मिनिटात होता.

"मी एप्रिलमध्ये सडबरीला जातेय. किर्स्टीकडे." किर्स्टी ही तिची बहीण.

"बरं."

"तिकीट काढलंय." ती जरा थांबली. "जायचं काढलंय. यायचं नाही काढलेलं."

"बरं, बरं. जरा बाजूला हो ना, नळाचा आवाज अडतोय."

हेल्मी बाजूला झाली.

त्याच शनिवारी ओरेस्टनं जॅमच्या यादीत आपलं नाव लिहिलं. हेल्मीच्या गाण्यावर सोलो, असं मोठ्या अक्षरांत. जाताना त्यानं या कामासाठी खास मागवलेली काळी हॅट चढवली होती. पण त्या हॉलमध्ये टोपी काढून आत यायचं हा जुना दंडक आहे. जो विसरेल त्यानं सगळ्या हॉलला बियर पाजायची. दाराशीच हॅट काढावी लागली आणि टक्कल उघडं पडलं. सात पेडलं मांडायला त्याला इतका वेळ लागला की ड्रमवाली बाई मध्येच जाऊन कॉफी घेऊन आली.

"हे सगळं एका फेऱ्यासाठी?" रेमीनं पेडलांकडे बघत विचारलं. हा रेमी म्हणजे ढेरपोट्या, हसतमुख गडी; दोन गिटारवादक आल्यावर वाजवण्याची पाळी कुणाची हे मानेनं खुणावणं त्याच्याकडे असायचं. "हे बघ ओरेस्ट, तिचं दुसरं कडवं झालं की मी मान हलवीन. मग तालाचे बारा बार तुझे. एक फेरा. पाऊण मिनिट. मग मी पुन्हा मान हलवीन, की थांबायचं."

"बरं," ओरेस्ट म्हणाला.

हेल्मीनं गायला सुरुवात केली आणि ओरेस्टनंही. ती पहिल्या ओळीच्या मध्यावर असेल नसेल, तोवर याची चौकट सुरू झाली. रेमीनं हात आडवा केला, पण डोळे मिटलेल्या माणसाला हात कसा दिसणार? हेल्मी दुसऱ्या कडव्यापर्यंत कशीबशी पोचली. पुढे सोलो रीतसर सुरू झाला. एक फेरा झाला. रेमीनं मान हलवली. दोन झाले. रेमीनं मान जवळजवळ उपटून काढली. हेल्मीनं माइकजवळ तोंड नेलं आणि मागे घेतलं, पुन्हा नेलं आणि पुन्हा मागे घेतलं. पाचव्या फेऱ्याअखेर बँडनं हात टेकले आणि गाणं संपवून टाकलं. ओरेस्टचं संपलं नव्हतं. कॉम्प्युटरवरचा बँड कधी संपत नसे, तेव्हा शेवट कसा करतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात तीन वाजले, आणि तीन वाजता मांसाची सोडत निघते. दारूच्या बारवर एका ट्रेमध्ये डुकराचं बेकन, चॉप्स, कोंबड्या, हॅम मांडलेले असतात. तिकीट घ्यायचं आणि तासातासाला नंबर पुकारतात त्याची वाट बघायची. हॉलमधले निम्मे लोक जॅमला म्हणून येतात आणि खरे येतात ते याला. सोडत काढणारा वॉल्टर कुणासाठी थांबत नाही. त्यानं बारवरचा माइक उचलला आणि नंबर पुकारला. मागच्या टेबलावरच्या किवेलाबाई किंचाळत उठल्या. दोन किलो बेकन! अख्ख्या हॉलनं कडकडून टाळ्या वाजवल्या.

ओरेस्टनं डोळे उघडले. समोर माणसं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, एक बाई तर हात उंचावून नाचत होती. त्याचा ऊर भरून आला. शेवटचा सूर लांबवत तो कमरेत वाकला, आणि सवयीनं दोन्ही हात वर करून म्हणाला, "बसा, बसा सगळे."

परत येताना गाडीत त्यानं विचारलं, "कसा झाला?"

"लांब," हेल्मी म्हणाली.

"टाळ्या ऐकल्यास ना?"

"ऐकल्या." आणि ती खिडकीबाहेरचे बर्फाचे ढीग बघत बसली.

पुढच्या बुधवारी ओरेस्ट केस कापायला डोलोरेस फेरांतेच्या सलूनमध्ये गेला. त्याच्या डोक्यावर आता कापण्यासारखं फक्त कानांच्या वर उरलं होतं, तरी तो दर महिन्याला जायचा. डोलोरेस सदुसष्ट वर्षांची. दिवसा केस कापायची आणि चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी लग्नांतल्या बँडमध्ये गिटार वाजवून तिनं अर्धं गाव नाचवलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या ओरेस्टनं सोलोचं वर्णन सुरू केलं. टाळ्यांपर्यंत आला तेव्हा डोलोरेसची कात्री थांबली.

"मास्तर, त्या टाळ्या बेकनला होत्या."

"काय?"

"बेकनला. या किवेलाबाईंना लागलं ना."

ओरेस्टनं आरशातून मागे पाहिलं. केस वाळवायच्या यंत्राच्या घुमटाखाली किवेलाबाई मासिक वाचत बसल्या होत्या. "दोन किलो होतं," त्या म्हणाल्या. "अजून संपलं नाही. पण तू किती वेळ वाजवत होतास रे? मला वाटलं, बाहेर कुणाची गाडी सुरू होत नाहीये."

ओरेस्टचे कान लाल झाले. शाळेत असता तर त्यानं दोघींना ऑफिसात बोलावलं असतं. पण गळ्याभोवती कापड बांधलेल्या माणसाला कुठे जाता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला फार वाईट वाटलं. चार महिने, चार गिटारी, सात पेडलं, आणि टाळ्या गेल्या डुकराला.

"कुणासाठी चाललंय हे सगळं?" डोलोरेसनं विचारलं, जरा मऊ आवाजात.

 ओरेस्ट आरशातल्या स्वतःलाच म्हणाला, "ती रेमीकडे बघते. गाताना."

"रेमीकडे?" डोलोरेस हसली. "त्या पोटाकडे कोण बघणार? ती त्याचे कान बघत असेल. उद्यापासून इथे या. एकच गिटार आणा. आणि ती पेडलं घरी ठेवा."

असा ओरेस्टचा खरा अभ्यास सलूनच्या मागच्या कोपऱ्यात, शाम्पूच्या बाटल्यांच्या शेजारी सुरू झाला. डोलोरेसनं पहिल्याच दिवशी चिकटपट्टी घेतली आणि त्याच्या सहापैकी पाच तारा बंद करून टाकल्या. राहिली एक तार. त्यावर तीन सूर.

"तीनच?"

"तीन खूप झाले. मला नवरा मागणी घालायला आला तेव्हा एवढेही शब्द नव्हते त्याच्याकडे."

"आणि डोळे कधी मिटायचे?"

"कात्री हातात असताना मी डोळे मिटले तर चालेल तुम्हाला? चालणार नाही ना? मग उघडे ठेवा."

नियम एकच होता. गिऱ्हाईक बोलत असेल तोवर तारेला हात लावायचा नाही. त्याचं वाक्य संपलं की त्याला तीन सुरांत उत्तर द्यायचं आणि गप्प व्हायचं. गिऱ्हाईक बहुधा किवेलाबाईच असत. त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि विषय त्याहून जास्त.

"खुबा बदलून घेतला मी गेल्या वर्षी," त्या सांगायच्या, "पण डाव्या बाजूला अजून कळ येते."

ओरेस्ट टणाटणा वाजवायचा.

"अहो मी माझ्या दुखण्याचं सांगतेय आणि हा कसली वरात काढतोय?" किवेलाबाई डोलोरेसकडे तक्रार करायच्या. "याला ऐकू येत नाही का?"

"येतं," डोलोरेस म्हणायची. "सवय नाहीये."

तीन आठवडे त्याच्या नाकी नऊ आले. गप्प बसणं एवढं कष्टाचं काम आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. हात नुसते शिवशिवायचे. पण एका गुरुवारी किवेलाबाई घुमटाखालून, कुणाला सांगत नसल्यासारख्या, गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "तौनोचे बूट अजून दाराशीच आहेत. आठ वर्षं झाली. केर काढताना मी ते उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते."

ओरेस्टचा हात उठला आणि थबकला. मग त्यानं एक सूर वाजवला, जरा थांबून त्याच्या खालचा एक वाजवला, आणि तार धरून बंद केली. तिसरा त्याला सापडला नाही.

"हं," किवेलाबाई म्हणाल्या. "असंच आहे ते."

डोलोरेसनं कात्री खाली ठेवली. "आता सांगा मास्तर, हेल्मीचं गाणं कशाबद्दल आहे?"

"संथ आहे. बारा बारचं."

"कशाबद्दल आहे, विचारलं मी."

ओरेस्टनं आठवून पाहिलं. दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. "आगगाडी असावी," तो म्हणाला. "ब्लूजमध्ये आगगाडी असतेच."

दोघी बायकांनी आरशातून एकमेकींकडे पाहिलं. किवेलाबाईंनी तोंड उघडलं, पण डोलोरेसनं त्यांच्या घुमटाचं बटण पुढे फिरवलं आणि त्यांचा आवाज त्या घरघरीत बुडून गेला.

"ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा का म्हणतात, ठाऊक आहे?"

"तशी परंपरा आहे."

"पहिल्यांदा कुणी ऐकत नाही म्हणून. शनिवारी जा आणि दोन्ही वेळा ऐका."

मार्चचा शेवटचा शनिवार. ओरेस्ट एक गिटार आणि एक वायर घेऊन मंचावर चढला. हॅट घरीच होती. रेमीनं पेडलं शोधायला इकडेतिकडे पाहिलं. हेल्मी माइकपाशी उभी राहिली आणि तिनं मागे वळून पाहिलंदेखील नाही. मागच्या खेपेची धास्ती तिच्या खांद्यांतच दिसत होती. चार वाजायला दहा मिनिटं होती. वॉल्टर बारवर तिकिटांची बरणी ढवळत होता.

ती गाऊ लागली.

नळ गळतोय सांगितलं, तो म्हणाला, बरं.
नळ गळतोय सांगितलं, तो म्हणाला, बरं.
आता घराचं तळं झालंय, तरी त्याचं बरं.

हॉल हसला. सगळी माणसं हसत हसत ओरेस्टकडे बघत होती. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की चार वर्षं ती अशीच बघत आली होती, त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे. त्याला वाटायचं, उपमुख्याध्यापक म्हणून लोक ओळखीचं हसतात. तोही उलट हसायचा, मान लववायचा. चार वर्षं! या हॉलमधल्या प्रत्येकाला, वॉल्टरला, बारवरच्या पोरीला, ड्रमवालीला ठाऊक होतं की हे गाणं कुणावर आहे. नळ तर आत्ताआत्ता गळायला लागला, असं त्याला वाटत होतं. तो चार वर्षं गळत होता. त्याला ऐकू आला तो फक्त तालासाठी हवा होता तेव्हा.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण डोळे मिटायचे नाहीत. हेल्मी दुसरं कडवं म्हणू लागली होती आणि आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

एक दिवस मी जाईन, दार ओढून हळू.
एक दिवस मी जाईन, दार ओढून हळू.
नळ तेवढा थांबला, एवढंच लागेल त्याला कळू.

पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा त्यानं ती ऐकली. दुसऱ्यांदा आली तेव्हा ती त्याला समजली. आणि तिसऱ्या ओळीला कुठल्याशा मंगळवारचं काहीतरी आठवू लागलं. सडबरी. तिकीट. जरा बाजूला हो ना. 

रेमीनं मान हलवली. बारा बार तुझे.

ओरेस्टनं काही वाजवलं नाही. पहिला बार गेला. दुसरा गेला. बेसवाला घाबरून रेमीकडे बघू लागला. रेमीनं खांदे उडवले. मागे गिटार गप्प का, म्हणून हेल्मी वळली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. डोळे सताड उघडे, भुवया जागच्या जागी.

मग त्यानं एक सूर वाजवला. टप. थांबला. तोच सूर पुन्हा. टप. तोच वेग, तोच पातेल्यातला खणखणीतपणा. सारा हिवाळा त्यासमोर बसलेल्या माणसाच्या बोटांत तो थेंब मुरला होता. टप. टप. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, मग दहा जण हसले. पण हेल्मी हसली नाही. ती ऐकत होती. चार बार तो नळ गळत राहिला. सातव्याला ओरेस्टनं त्या थेंबाच्या खालचा एक सूर घेतला, हळू, विचारल्यासारखा. त्याहून खालचा घेतला. आणि तार धरून बंद केली.

नळ थांबला. उरलेले चार बार नुसता ड्रम वाजत होता. ओरेस्ट तिच्याकडे बघत उभा होता. आता तो काहीच वाजवणार नाही हे सगळ्यांना कळलं. उरलेली जागा त्यानं तिच्यासाठी मोकळी ठेवली होती.

हेल्मीच्या ओठाचा कोपरा वर गेला की नाही, हे रेमीला विचाराल तर तो गेला म्हणेल आणि किवेलाबाई नाही म्हणतील. ओरेस्टनं तिकडे पाहिलंच नाही. त्याला तो कोपरा हवा होता हेच तो विसरून गेला होता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ती पुढे काय म्हणते याची वाट बघत.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या जेमतेम पडल्या. चार वाजले होते आणि लोक खिशांतून तिकिटं काढण्यात गुंतले होते. ओरेस्टनं गिटार भिंतीला टेकवली आणि हेल्मीच्या मागोमाग कोपऱ्यातल्या टेबलापाशी आला. दोघं बसली. त्याचं सोडतीचं तिकीट टेबलावर कॉफीच्या कपाशेजारी पडलं होतं.

"सडबरीचं तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी."

"मी ऐकलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"यायचं तिकीट का नाही काढलंस?"

हेल्मीनं कपाची कड बोटानं पुसली. असा प्रश्न तिला घरात बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. "किर्स्टीकडे संध्याकाळी आम्ही दोघी नुसत्या बोलत बसतो," ती म्हणाली. "ती विचारते, मग मी सांगते, मग ती आणखी काही विचारते. गेल्या उन्हाळ्यात तिथून परत येताना बसमध्ये मी..."

"चारशे सतरा!" वॉल्टर माइकवर ओरडला. "मोठा हॅम! चारशे सतरा!"

हेल्मी थांबली. टेबलावरच्या तिकिटाकडे तिची नजर गेली. तिथे चारशे सतरा लिहिलं होतं.

"बसमध्ये काय झालं?" ओरेस्टनं विचारलं.

"ओरेस्ट, तुझा नंबर..."

"बसमध्ये काय झालं, हेल्मी?"

"दुसऱ्यांदा, चारशे सतरा! अरे कोण आहे? झोपलात काय?"

किवेलाबाई मान लांब करून सगळ्यांच्या तिकिटांवर नजर टाकत होत्या. त्यांना दिसलं. "ओरेस्ट!" त्या ओरडल्या. "अरे बहिऱ्या, तुझा आहे नंबर! हात वर कर!"

ओरेस्टनं हात वर केला. पण तो वॉल्टरला थोपवायला. मान न वळवता, सव्वीस वर्षं अकराशे पोरांना गप्प करणाऱ्या आवाजात तो म्हणाला, "थांबा जरा. ती बोलतेय."

हॉल गप्प झाला. वॉल्टर मात्र कुणासाठी थांबत नाही. त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं, बरणीत हात घातला आणि दुसरं तिकीट काढलं. हॅम रेमीला लागला. पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विरेपर्यंत हेल्मी वाट बघत राहिली. ओरेस्टही बघत राहिला. मग तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.